तिन्ही वेळा एकच आकडा

प्रिय आई,

आज सकाळी साडेनऊला शाळेची ई-मेल आली. ती वाचून होते न होते तोच माझा अंगठा फोनवर तुमच्या नावावर गेला. तुमच्याकडे संध्याकाळचे सात, म्हणजे देवापाशी दिवा लावून तुम्ही फोनची वाट बघत बसलेल्या असणार. हे इतकं अंगवळणी पडलंय की तुम्ही जाऊन चार महिने झाले, हे त्या अंगठ्याला कुणी सांगितलेलंच नाही!

मग म्हटलं, बातमी तर तुम्हाला द्यायलाच हवी. फोन नाही तर पत्र. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे, ती फोनवर मला जमलीच नसती. तुमच्या या पुणेरी सुनेला बोलायला भरपूर येतं, पण 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द काही तोंडातून निघत नाहीत. एकोणीस वर्षं बघितलंत ना तुम्ही!

आधी बातमी. तुमची रेवा ऑगस्टपासून शाळेत जाणार. इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये, अकरावीला, केमिस्ट्रीच्या सगळ्यात वरच्या वर्गात. घरी शिकलेलं तिचं सगळं विज्ञान शाळेनं मान्य केलं. सगळं, आई! आपल्या गराजमधल्या प्रयोगांसकट!

मला आठवतो तो तुमचा फोन, तिला शाळेतून काढल्यावरचा. रेवा सहावीत होती. घरी 'का, का' विचारून माझं डोकं खाणारी पोर शाळेतून येऊन गप्प बसायला लागली होती. विज्ञानाच्या तासाला काय केलं? तर व्हिडिओ बघितला. काल? व्हिडिओ. मग लॅपटॉपवर टिचक्या मारून उत्तरं दिली. प्रश्न विचारला तर, 'आपण पुढे जायला हवं.' एके दिवशी ती मला म्हणाली, "मॉम, आय स्टॉप्ड आस्किंग." महिन्याभरात मी नोकरी सोडली, सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरला आणि तिला घरी शिकवायला घेतलं.

शाळा वाईट नव्हती हो. अमेरिकेत आल्यावर चांगल्या शाळा बघूनच तर आम्ही इथं अल्फारेटात घर घेतलं. आपली धाकटी ओवी आता त्याच शाळेत सहावीला आहे. पिवळी बस दिसली की ती अजून पळत सुटते. तिला व्हायोलिन आहे, ढीगभर मैत्रिणी आहेत, तिच्या विज्ञानाच्या बाईंनी तर वर्गात ज्वालामुखीसुद्धा केला. एका आईच्या दोन पोरी, एकीला शाळा मानवली, एकीला नाही. ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पण तुम्हाला हे कसं पटावं? तुम्ही तीस वर्षं दर्यापूरच्या कन्याशाळेत विज्ञान शिकवलंत. जूनमध्ये शाळा उघडली की हजेरीपट घेऊन घरोघर फिरायचात. कुणाला धाकट्या भावंडांसाठी ठेवून घेतलेलं, कुणाला निंदायला पाठवलेलं, कुणाला उगीचच. तुम्ही ओट्यावर ठाण मांडायचात आणि पोरगी दप्तर घेऊन बाहेर आल्याशिवाय उठायचा नाहीत. तुमचा समीर सांगतो, लहानपणी त्याचा अख्खा जून शेजारच्या काकूंकडे जेवण्यात जायचा.

तुम्ही एरवी शुद्ध बोलणाऱ्या, पण चिडलात की वऱ्हाडी व्हायचात. "पोरीले शाळेतून काढलं तुनं? काहून? मी जलमभर पोरी शाळेत वढून आणल्या, अन् माह्याच घरची पोरगी घरी बसली?" आणि फोन बंद. आठ दिवस बोलला नाहीत माझ्याशी.

इकडे मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तिला काही प्रॉब्लेम आहे का?" मी हसून त्यांच्या पानात मोदक वाढला. पण आई, खरं सांगू? काकूंचं मला काही लागलं नाही. तुमचं लागलं.

गणित मी शिकवलं, इतिहास आम्ही दोघींनी वाचला, निबंधांवर भांडलो. घोडं अडलं ते प्रयोगांवर. मी इंजिनियर खरी, पण कॉम्प्युटरची. लंबकाचा प्रयोग आला तेव्हा मी काय केलं असेल? इंटरनेटवर व्हिडिओ दाखवला! व्हिडिओ दाखवतात म्हणून शाळेतून काढलेल्या पोरीला घरी आणून मीही व्हिडिओच दाखवला. हसा, हसा. तेव्हाही हसला होतात.

पण नुसत्या हसून थांबला नाहीत. पुढच्या मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आलात. बॅग उघडली तर सांडग्यांच्या डब्यात परीक्षानळ्या, सुती साडीच्या घडीत बीकर आणि पापडांच्या मध्ये लिटमसचे कागद! दुसऱ्या दिवशी जेट लॅग वगैरे काही नाही, समीरची गाडी बाहेर काढायला लावून गराज झाडायला घेतलंत. मी म्हटलं, "आई, तुम्हाला तर हे पटत नाही ना?" तर म्हणालात, "नाहीच पटत. पण पोरगी शिकतेय ना? मग ती अर्धवट नको शिकायला."

साडीवर स्वेटर, पायात समीरचे जुने स्पोर्ट्स शूज आणि चष्म्यावर तो मोठा प्लास्टिकचा गॉगल. शेजारचा माणूस कुत्रा फिरवताना उघड्या गराजपाशी थबकला, तर तुम्ही त्याला तुमच्या इंग्रजीत दटावलंत, "नो कमिंग! ॲसिड!" त्यानं कुत्र्यालाच उचलून घेतलं आणि चालायला लागला. त्यानंतर तो नेहमी पलीकडच्या फुटपाथवरून जायचा.

प्रयोगाची वही मात्र दर्यापूरच्याच शिस्तीत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. रेवा इंग्रजीत लिहायची आणि तुम्ही लाल पेननं मराठीत शेरा मारायचात. 'पुन्हा कर.' 'का?' 'आकृती गोड आहे, पण खोटी आहे.' आजीनं काय लिहिलंय हे वाचण्यासाठी पोर देवनागरी शिकली. माझ्या रविवारच्या मराठी वर्गानं चार वर्षांत जे जमवलं नाही, ते तुमच्या शेऱ्यांनी एका उन्हाळ्यात केलं.

तुरटीचे स्फटिक आठवतात? तीनदा बिघडले. मी म्हणत होते, पुरे, पुढचा प्रयोग घ्या. तुम्ही ऐकाल तर शपथ! शेवटी रेवानं गराजमध्ये दर तासाला तापमान लिहून काढलं आणि तिचं तिलाच कळलं, की जॉर्जियाच्या दुपारी गराज तापतं, संध्याकाळी निवतं, म्हणून स्फटिक विरघळतायत. बाटली तळघरात ठेवली आणि चौथ्यांदा बोराएवढा स्फटिक झाला. तेव्हा कुठे तुमची सही मिळाली. ती सही दाखवायला पोर नाचत वर आली होती.

एक वर्षाआड यायचात. मधल्या वर्षी रंगाच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून ओरडायचात. मला वाटायला लागलं होतं, आता तुम्हाला पटलंय. निदान माझ्यावर तुमचा राग नाही.

आणि मग मागचा ऑक्टोबर. तुम्ही इथंच होतात.

रेवाच म्हणाली की अकरावीला तिला शाळेत जायचंय. मोठी लॅब हवी होती, वाद घालायला बरोबरीचं कुणी हवं होतं. शाळेत विचारलं तर कळलं, की घरची केमिस्ट्री मान्य करायची तर लॅबचं काम बघावं लागेल. नाही पटलं तर पोरीनं दोन वर्षांनी लहान मुलांबरोबर बसून पहिल्यापासून सुरुवात करायची. माझं धाबंच दणाणलं. पाच वर्षं लोकांना मोदक वाढत गप्प बसवलं होतं. आता हे लोक म्हणाले, की घरी काही झालंच नाही, तर?

मग मी तेच केलं, जे आपल्याकडे शिकलेलं कुणीही केलं असतं. फेअर जर्नल! रेवाच्या डागाळलेल्या स्पायरल वहीतून सगळं सुंदर बांधीव वहीत उतरवून घ्यायला लावलं. आकृत्या पट्टीनं, मथळे रंगीत. आणि येता येता व्हिनेगरचा प्रयोग आला. बुरेटमधून, म्हणजे आकडे असलेल्या त्या तोटीच्या उंच काचनळीतून, थेंब थेंब सोडत व्हिनेगरमधलं ॲसिड मोजायचं. तीनदा करायचं. रेवाचे आकडे १६.९, १५.८ आणि १६.३. मी म्हटलं, तिन्ही वेळा १६.३ लिही.

"मॉम, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड."

"अगं, असंच लिहितात. आम्ही सगळे असंच लिहायचो." खोटं नव्हतं ते. आमच्या कॉलेजात एकानं प्रयोग करायचा आणि वीस जणांनी त्याचे आकडे उतरवायचे. उत्तर आधी, आकडे मागून. तिन्ही वेळा एकच आकडा आला की सर खूश. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. ते बघणं मला तेव्हा दिसलं नाही.

तुमच्यापुढे वही ठेवली, सगळ्या पानांवर सह्या करा म्हणून. तुम्ही पानं उलटत उलटत त्या पानावर थांबलात. मग वही मिटलीत. "ह्याच्यावर मी सही करत नसते."

"आई, ही दर्यापूरची शाळा नाही. इथं प्रेझेंटेशन लागतं."

तुम्ही मटार सोलायला घेतलेत. आणि मी? मी बोलायचं ते बोलले. "मुळात ती घरी शिकते हेच तुम्हाला कधी पटलं नाही. म्हणून सही नाही." आई, ज्या बाईनं सांडग्यांच्या डब्यातून परीक्षानळ्या आणल्या, तिला मी हे म्हटलं! तुमचा हात एक क्षण थांबला आणि पुन्हा शेंगा फुटायला लागल्या.

का नाही ओरडलात त्या दिवशी? वऱ्हाडीत एक सणसणीत का नाही ऐकवलंत? मला ते सोपं गेलं असतं.

पुढचे दोन आठवडे आपण मीठ-साखरेपुरतं बोललो. अटलांटाच्या एअरपोर्टवर मी वाकले, तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "बुरेट नीट धुवून ठेव गं. नाहीतर तोटी अडकते." बस्स. जानेवारीत तुम्ही गेलात. समीरला तिकीट मिळालं, तो पोचला, मी पोरींना घेऊन इथंच राहिले. गराजमध्ये गेले तर तोटी अडकलेली होती. मी धुतलीच नव्हती.

आता कबुली. मागच्या मंगळवारी शाळेत बोलावलं होतं. केमिस्ट्रीच्या विभागाच्या प्रमुख बाई. हो, बाईच म्हणते, तुम्हालाही अख्खं दर्यापूर बाईच म्हणायचं ना? उंच, पांढऱ्या केसांच्या, कोटाच्या खिशात चार पेनं. मी ती बांधीव वही मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे सरकवली. भांडणानंतर ती मी उघडलीसुद्धा नव्हती, तशीच प्लास्टिकच्या पिशवीत होती.

"व्हेरी नीट," बाई म्हणाल्या. पानं उलटत गेल्या आणि त्या पानावर थांबल्या. तुमच्यासारख्याच थांबल्या. बोट १६.३ वर, मग खालच्या १६.३ वर, मग तिसऱ्यावर. रेवाला विचारलं, तिन्ही वेळा हेच आलं का? पोर गप्प. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि मला उघडं पाडायचं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या.

मग बाईंनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. "अँड व्हॉट डझ धिस से?"

रेवानं वाचलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इट सेज, 'मंजिरी, डू इट अगेन.'"

"हू इज मंजिरी?"

"माय मॉम."

आई! रेवा नाही, मंजिरी! तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, की ते अक्षर पोरीचं असलं तरी आकडा माझा आहे. पोरीला एका शब्दानं बोलला नाहीत. जाण्याआधी कधीतरी माझ्यासाठी शेरा लिहून ठेवलात, तोही लाल पेननं नाही, पेन्सिलीनं, मला खोडता यावा म्हणून. आणि मी वेडी, सात महिने वही उघडलीच नाही.

त्या खोलीत मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. पाच वर्षांची मेहनत आता एका आकड्यापायी जाणार, हे दिसत होतं. काहीतरी सारवासारव करता आली असती, मला त्यात कोण हरवणार? पण 'पुन्हा कर' समोर होतं. मी म्हटलं, "आय ॲम मंजिरी. आकडे मी बदलायला लावले. तिचे खरे आकडे वेगळे होते. चूक माझी आहे, तिची नाही." इंग्रजीत का होईना, ते दोन शब्द निघाले, आई.

रेवानं दप्तरात हात घातला आणि ती स्पायरल वही काढली. हळदीचे डाग, जांभळ्या कोबीचा ओघळ, कोपरा करपलेला. पोरीनं ती बरोबर आणली होती! मला विचारलंही नव्हतं.

बाई वाचायला लागल्या. तुरटीची चारही पानं वाचली. तापमानाचा तक्ता वाचताना खुर्ची पुढे ओढली. तुमच्या प्रत्येक लाल शेऱ्यावर बोट ठेवून विचारायच्या, हे काय? रेवा सांगायची, 'पुन्हा कर.' आणि हे? 'का?' आणि हे? 'पुन्हा कर.' बाई हसायला लागल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, चल, व्हिनेगरचा आत्ता करून दाखव.

त्यांची लॅब बघायला हवी होती तुम्ही! डोळे धुवायचा वेगळा नळ, वाफा ओढून घेणारं कपाट, आणि एका रांगेत बारा बुरेट. "मॉम, ट्वेल्व्ह!" रेवा कुजबुजली. देवळात आल्यासारखा चेहरा झाला होता तिचा. हे मी तिला गराजमध्ये कधीच देऊ शकले नसते. ते तुमचं खरंच होतं आई, मान्य करते. पण ती त्या बुरेटपाशी गेली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "कॅन आय रिन्स इट फर्स्ट?" आधी धुवून घेऊ का? डोळे टिपायला मी एकदम पदरच शोधायला लागले, आणि अंगात होती जीन्स.

दोन आकडे जवळजवळ आले, तिसरा चुकला. एक थेंब जास्त पडला आणि फिका गुलाबी व्हायचा तो गडद झाला. तिनं तो आकडा लिहिला आणि शेजारी लिहिलं, एक थेंब जास्त, माझी घाई. खोडलं नाही, लपवलं नाही. मग बाईंकडे वळून म्हणाली, चौथ्यांदा करू का?

बाईंनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? पोर म्हणाली, "माय आजी. शी वॉज अ सायन्स टीचर."

माझं नाव नाही घेतलं हं. पाच वर्षं नोकरी सोडून मी राबले, आणि नाव आजीचं! वाईट वाटायला हवं होतं ना मला? छे! असा ऊर भरून आला की त्या बारा बुरेटसमोर मी ढसाढसा रडले. बाईंनी कागदी रुमाल दिला.

आज त्या ई-मेलमध्ये एकच ओळ जास्तीची होती. सप्टेंबरमध्ये वर्गाला दाखवायला ती वही मिळेल का? फेअर नाही, दुसरी. दर्यापूरच्या बाईंची सही अमेरिकेतल्या सरकारी शाळेत जाणार, ऐकताय ना?

मग जिंकलं कोण, सांगा बघू? पोरगी शाळेत चाललीय, म्हणजे तुम्ही. घरून शिकून चाललीय, म्हणजे मी. समीर म्हणतो, रेवा जिंकली, तुम्ही दोघी गप्प बसा.

आता माझा शब्द. बुरेटची तोटी मी काल गरम पाण्यात ठेवून सोडवली. येत्या शनिवारी गराजमध्ये व्हिनेगरचा प्रयोग मी स्वतः करणार आहे, तुमचा गॉगल लावून. रेवा माझी बाई. जे येईल तेच लिहीन, त्याच फेअर वहीत, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरांच्या खाली. ते अक्षर मी कधी खोडणार नाही. आकडे चुकले तर रेवा सही करणार नाही, असं तिनं आत्ताच बजावलंय. पुन्हा करीन. आणि ऑगस्टमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी बस नको, रेवाला मी दारापर्यंत सोडायला जाईन. तुम्ही पोरगी बाहेर आल्याशिवाय ओट्यावरून उठायचा नाहीत, तशी मी ती आत गेल्याशिवाय हलणार नाही.

माझं चुकलं, आई.

तुमची सून, आणि शेरा उशिरा वाचलेली विद्यार्थिनी,
मंजिरी